पाकिटावरची सुंदराबाई

सुंदराबाई बोरसे सुरतेला आल्या एकोणऐंशी साली, नवऱ्याच्या पाठोपाठ. सुकदेव बोरसे पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये लूमवर होते. गाव पारोळ्याजवळचं. बमरोलीला पत्र्याची एक खोली, तिच्यात हे दोघं आणि गावाकडचे आणखी तीन कामगार. तेव्हा भेस्तानकडे शेतं होती. तिथल्या एका शेतकऱ्याच्या बांधावर सुंदराबाईंनी हट्टानं एक म्हैस बांधली. सुरती म्हैस, अंगानं लहान, शिंगं विळ्यासारखी. बारडोलीकडून उसाचे वाढे घेऊन गाड्या यायच्या, त्यांतली मोळी त्या डोक्यावरून आणायच्या.

मी पांडेसऱ्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. एकीच्या म्हशी वाढल्या तसं आमच्या घरी त्यांचं दूध यायला लागलं, एवढीच सुरुवातीची ओळख.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि तीन दिवसांत आमची वस्ती ओस पडली. उधना स्टेशनात भुसावळकडच्या गाडीत माणसं खिडकीतून आत शिरत होती. मी बायकोमुलांना नंदुरबारला पोचवलं आणि शाळेच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या म्हणून परत आलो. गल्लीत आलो तर सुंदराबाई समोरून कॅन घेऊन येत होत्या. तोंडाला लुगड्याचा पदर घट्ट बांधलेला.

"तुम्ही गेला नाहीत?" मी विचारलं.

"मी जासू तं त्या म्हशीसले पानी कोन पाजी, गुर्जी?" त्या म्हणाल्या.

मागं राहिलेल्यांच्या उंबऱ्यावर त्या रोज दूध ठेवत. उकळून, झाकण लावून. हाक मारायच्या आणि दार उघडायच्या आत पुढं जायच्या. महिन्याभरानं लोक परतले, त्यांनी ही हकिगत ऐकली आणि त्यानंतर आमच्या भागात दुसऱ्या कुणाचं दूध चालेना. पुढच्या दोन वर्षांत रस्त्याला लागून दुकान झालं. पाटीवर मराठीत आणि गुजरातीत लिहिलं होतं: सुंदरा डेअरी. बँकेत सही लागते म्हणून मीच त्यांना नाव लिहायला शिकवलं. 'सुंदरा'तला अनुस्वार त्या नेहमी शेवटी, पेन उचलून, जपून द्यायच्या.

त्या दुकानाबद्दल मी किती सांगू? गाडग्यातलं दही, कढवताना रस्त्यापर्यंत वास येणारं तूप, लसणाची शेव, उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाणारी माणसं गाडीची वेळ झाली तरी तिथं उभी असायची, कारण सुरतेहून काय आणलं म्हणून घरचे विचारणार, आणि सुरतेतही आपण आपलंच खातो हे त्यांना दाखवायचं असायचं. शेजारचे गुजराती लोक चंदी पडव्याच्या सणाला घारी हे गोड करायचे, त्यासाठी खवा इथूनच न्यायचे. खवा भाजताना सुंदराबाई कुणाशी बोलत नसत. बोललं की हात थांबतो, म्हणायच्या.

मुलगा गोपाल हाताशी आला तशी पाकिटं आली. पाकिटावर आईचा फोटो टाकायचं त्यानंच ठरवलं. उधन्याच्या फोटोवाल्यानं किती सांगितलं तरी सुंदराबाई हसल्या नाहीत. "दात दाखवून दूध विकायचं का?" त्यांनी विचारलं. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तो चेहरा पुढं नवसारीपासून नंदुरबारपर्यंत दुकानांतून लटकू लागला.

मग सुकदेव गेले. बत्तीस वर्षं सुताची धूळ छातीत घेतली होती, शेवटचं वर्ष बसूनच झोपायचे. सुंदराबाईंचं कपाळ मोकळं झालं. पाकिटावरचं कुंकू मात्र तसंच राहिलं. गोपालनं फोटो बदलू का म्हणून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तठे तरी ते जित्ता शेतस." पाकिटावर तरी नवरा जिवंत आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

उतरण कधी लागली ते नेमकं सांगता येत नाही. शहर वाढलं, म्हशी हलवाव्या लागल्या. दूध बाहेरून घ्यायचं म्हटल्यावर सुंदराबाई प्रत्येक कॅनमध्ये बोट बुडवून चाखायच्या आणि निम्मे परत पाठवायच्या. मोठ्या डेअऱ्यांचे टेम्पो दारोदार यायला लागले. करोनात दुकान बंद राहिलं. गोपालला साखरेचा आजार, त्याच्या मुलाला, चेतनला, यात रस नाही. तो घरातही गुजरातीतच बोलायचा. तेवढ्यात एक शेठ आला. दुकान नको, यंत्रं नकोत, त्याला फक्त नाव हवं होतं.

कागद गुजरातीत होता. गोपाल आईला घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, तुम्ही वाचा, म्हणजे तिचं समाधान होईल."

मी वाचला. मोठ्यानं, थांबून थांबून, मराठीत सांगत. 'नाव, चिन्ह व छायाचित्र यांसह' असे शब्द त्यात होते. ते मी वाचले आणि सांगताना म्हणालो, "तुमच्या डेअरीचं नाव ते वापरतील." छायाचित्राचं बोललो नाही. लपवायचं म्हणून नाही. माझ्या ध्यानातच आलं नाही की त्यात काही सांगण्यासारखं आहे. सुंदराबाईंनी सही केली, शेवटी अनुस्वार दिला.

त्या पैशांतून त्यांचा भेस्तानला फ्लॅट झाला. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं.

पहिलं वर्ष ठीक गेलं. मग दही पातळ झालं, शेव खवट. पाकिटावर तोच चेहरा. बाजारात बायका सुंदराबाईंना थांबवून विचारायच्या, "आजी, हात बदलला का?" त्या म्हणायच्या, "मी नाही करत आता." पण चेहरा समोर लटकत असताना कोण ऐकणार?

गेल्या वर्षी वैशाखात बमरोलीला एका हळदीच्या जेवणात पनीर होतं. त्या पाकिटातलंच. त्या रात्रीपासून चाळीस माणसं आजारी पडली. तपासणी झाली, शेठच्या कारखान्यात पामतेलाचे डबे निघाले, तिथलं काम थांबवलं गेलं, आणि मोबाइलवर सगळीकडे एकच चित्र फिरलं: पाकीट आणि त्यावर सुंदराबाई.

चौथ्या दिवशी रंजना आली. आमच्याच गल्लीत वाढलेली, लहानपणी डेअरीच्या पायरीवर ताक प्यायलेली पोरगी. तिची सहा वर्षांची दीप्ती दवाखान्यात होती. मी तेव्हा सुंदराबाईंकडेच बसलो होतो. रंजना आत आली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "आजी, पाकिटावर तुमचा फोटो होता म्हणून मी पोरीला दोनदा वाढलं."

सुंदराबाई उठल्या, तिच्यापर्यंत गेल्या, हात पुढे केला. रंजना मागं सरकली आणि जिना उतरून गेली.

दीप्ती अकरा दिवसांनी घरी आली. वाचली. पण सुंदराबाईंनी त्या दिवशी माझ्यामागं धोशा लावला की कारखान्यात जायचं. गोपाल सोफ्यावर बसून होता. "काय उपयोग आई? सही झालीये. फोटो त्यांचा आहे."

"फोटो त्यास्ना ऱ्हाई," त्या म्हणाल्या. "तोंड तं मनं शे ना?"

फोटो त्यांचा असेल, तोंड तर माझं आहे ना, असं त्या विचारत होत्या. गोपालनं मान भिंतीकडे वळवली. तो रडत होता हे मला नंतर उज्ज्वलानं, त्याच्या बायकोनं, सांगितलं.

आम्ही दोघं रिक्षानं शहराबाहेरच्या त्या कारखान्यात गेलो. फाटकावरच्या माणसानं अर्धा तास उभं केलं. त्याच्यामागं भिंतीवर सुंदराबाईंचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. त्यानं एकदाही त्या फोटोकडे आणि मग सुंदराबाईंकडे असं बघितलं नाही. आत एक तरुण मॅनेजर भेटला. वागायला चांगला, पाणी दिलं, आईला म्हणावं तसं 'माजी, माजी' म्हणत होता. सुंदराबाई त्याला मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा मुंह निकाल दो. और कुछ नहीं मांगती."

तो हसून म्हणाला की काळजी नको, नवं पाकीट येतंच आहे. त्यानं कॉम्प्युटर फिरवून दाखवलं. गोरा चेहरा, सुरकुत्या पुसलेल्या, ओठ उघडून हसणारा. लुगडं हिरवंच, कुंकू तेवढंच. "ये अब आप नहीं हो, माजी. ड्रॉइंग है."

सुंदराबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. "तो ये कौन है?" त्यांनी विचारलं.

त्यानं कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडे फिरवला. निघताना त्यानं कंपनीच्या मालाचा एक खोका भेट म्हणून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो फाटकाजवळच्या बाकावर ठेवला आणि चालू लागल्या.

परतीच्या रिक्षात मी त्यांना त्या शब्दाचं सांगितलं. छायाचित्र. तो कागदात होता, मी वाचला होता, तुम्हाला सांगितला नाही. चार वर्षं मनात होतं असंही नाही, पनीर बाधल्यावरच आठवलं, हेही सांगितलं.

त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "सांगतात तरी मी सही करतीच, गुर्जी. पोऱ्या दमी गयथा." सांगितलं असतं तरी सही केलीच असती, पोरगा दमला होता म्हणून. माझं ओझं हलकं करायला त्या असं म्हणाल्या की खरंच तसं होतं, हे मला कळलं नाही. त्यानंतर त्या माझ्याशी कमी बोलू लागल्या.

कारखाना तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झाला. माल स्वस्त होता, लोक घेऊ लागले. त्या पावसाळ्यात सुंदराबाई रोज सकाळी भेस्तानहून रिक्षानं पांडेसऱ्याला यायच्या आणि दुकानोदुकानी जाऊन पाकिटं पालथी करायच्या. चेहरा आत, मागची बाजू बाहेर. काही दुकानदार जुने, ते गप्प बसायचे आणि त्या गेल्यावर पाकिटं पुन्हा सुलटी लावायचे. एका नव्या दुकानदारानं मात्र गिऱ्हाइकांसमोर त्यांचा हात धरला. "ओ माजी, मगज खसी गयुं छे के शुं?"

डोकं फिरलंय का, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "ही मी आहे."

त्यानं पाकीट बघितलं. तोवर नवी, हसरी पाकिटं आली होती. मग त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि गिऱ्हाइकं हसली. त्या गिऱ्हाइकांत आमच्या शाळेतून शिकून गेलेली दोन पोरं होती. हे मला त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सुंदराबाई आल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी गावी भाचीकडे जायचं म्हटलं. गोपालनं नको म्हटलं नाही. उधन्याला गाडीत मी बसवून दिलं. एक पिशवी होती. गाडी सुटेपर्यंत त्या समोरच्या बाईच्या तान्ह्या मुलाकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही.

पौषात भाचीचा, इंदुबाईचा, फोन आला. मावशी बऱ्या आहेत, म्हणाली. चहा सोडलाय, दुधाचं म्हणून काही पोटात घेत नाहीत. ओट्यावर बसतात. गावातल्या दुकानातही ती पाकिटं आली आहेत. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं हाक मारून दाखवलं, हा तुमच्या सुरतेचा माल म्हणून.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"'हो का' म्हणाल्या आणि मीठ घेऊन आल्या."

तिनं फोन त्यांच्याकडे देऊ का म्हणून विचारलं. मी म्हटलं, असू दे, त्यांना बसू दे.