माझ्या पापण्यांचं ऑपरेशन

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी देखणं व्हायचं ठरवलं.

नारायणगाव-जुन्नर मार्गावर मी जीप चालवतो. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन डोळ्यांवर उतरली होती, त्यामुळे भर सकाळीही मी पेंगतोय असं वाटायचं. शेजारी बसलेलं पावणं काळजीनं विचारायचं, "भाऊ, च्या घ्यायचा का कुठं?" एकदा तर एक बाई माझ्याकडं बघून लेकराला घेऊन खाली उतरली आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्या दिवशी गाडीच्या आरशात बघितलं, तर मीही मला आवडलो नाही.

मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पापणीमुळं दिसायला अडथळा होतो का?"

हो म्हणायचं ठरवूनच गेलो होतो. आजार म्हटलं की कुणी हसत नाही. पण तोंडातून निघालं, "दिसतं सगळं. मीच चांगला दिसत न्हाई."

बाई हसल्या नाहीत. "मग तसं सांगा ना. पुरुषही करून घेतात हे," म्हणाल्या आणि पुण्याच्या एका सर्जनच्या नावाची चिठ्ठी दिली. जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो.

डिंगोऱ्याला घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "माझ्यासाठी करताय व्हय?"

"न्हाई, माझ्यासाठी."

"मंग करा. पण मी संगं येणार."

सर्जननं मला समोर बसवून पापण्यांवर पेनानं रेघा मारल्या. सुई टोचली तेवढंच दुखलं. मी जागाच होतो. मिटलेल्या डोळ्यांतून वरच्या दिव्याचा लाल उजेड दिसत होता, कातडी ओढल्याचं कळत होतं. छाती नुसती धडधडत होती. भीती नव्हती ती, जत्रेत पाळणा वर चढताना व्हायचं तसं होत होतं. तासाभरानं सर्जन म्हणाले, "झालं. आता काही दिवस जीप नाही, ओझं उचलायचं नाही."

घरी आलो तो डोळे सुजून काळेनिळे झालेले. वर काळा गॉगल. मला मोतीबिंदू झाला अशी बातमी गावभर पसरली. लोक बिस्किटं, पपया घेऊन भेटायला यायचे आणि मी नुसता हूं हूं करायचो. तिसऱ्या दिवशी पिंपरी पेंढारहून मेव्हणा आला. "एवढ्यात मोतीबिंदू, दाजी?"

मी काही बोलायच्या आत त्याची बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "मोतीबिंदू न्हाई रं, देखणं व्हायचं ऑपरेशन हाय!"

ठसका लागेपर्यंत तो हसला. मीही हसलो, टाके ओढले गेले तरी हसलो. चोरी उघडी पडल्याचं इतकं बरं वाटलं! मग त्यानं मला गॉगल काढायला लावला आणि वाकून बराच वेळ बघितलं.

"लई दुखतं का वं?" त्यानं हळूच विचारलं. स्वतःची एक पापणी तो बोटानं वर उचलून धरत होता.

टाके काढले त्या दिवशी दवाखान्यात हातात आरसा मिळाला. डावा डोळा अजून जरा सुजलेला होता, पण दोन्ही उघडे, टवटवीत! आरसा ठेववेना. बायको म्हणाली, "पुरं आता." आणि स्वतःच माझ्याकडं वळून वळून बघत राहिली.

घरी आई अंगणात शेंगा सोलत बसली होती. ऑपरेशनबद्दल ती काही बोलली नव्हती, चांगलं नाही की वाईट नाही. मी गॉगल काढून समोर उभा राहिलो. तिचे हात थांबले.

"लग्नात तुजा बाप असाच दिसत व्हता," ती म्हणाली. मग सूप बाजूला सारून तिनं घोंगडीवर जागा केली. "हितं बस. उजेडाकडं तोंड करून बस जरा."