सुईताईचा अंगठा

माणसाचा हात हातात आला की आधी शीर शोधायची, ही सुईताईची सवय. कॅन्सरच्या वॉर्डात नर्स म्हणून तिचा निम्मा जन्म गेला होता. केमोने रुसून बसलेली शीरही ती पहिल्याच टोचण्यात पकडायची, म्हणून पेशंटांनी तिला हे नाव ठेवलं. इथवर ठीक होतं. पण परवा सोफ्यावर बसल्या बसल्या नवऱ्याने पुष्कळ दिवसांनी तिचा हात धरला, आणि तिचा अंगठा आपसूक त्याच्या मनगटावरून वर सरकत कोपराच्या खळगीत जाऊन थांबला. वर बोटांनी टकटकसुद्धा केली.

"सापडली का?" नवरा म्हणाला. हसत म्हणाला, पण हात काढून घेतला.

तेव्हापासून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. वॉर्डातलं रडू नळाखाली हात धुताना धुऊन टाकायचं, घरी न्यायचं नाही, हा तिचा नेम. रडू धुता धुता मायाही त्याच नळातून वाहून गेली की काय? मेट्रनबाईंनी डोळ्यांच्या विभागात बदली देऊ केली होती. तिथे माणसं येतात आणि चष्मा लावून घरी जातात. उत्तर आजच द्यायचं होतं, आणि सुईताईचं सकाळपासून तळ्यात-मळ्यात चाललं होतं. जावं तर पळपुटेपणा, राहावं तर हाताचा नुसता चिमटा व्हायचा.

अशात वॉर्डातले जुने पेशंट शिंपीमामा आले. नेहमीच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, बाही दुमडली आणि हात पुढे केला. ट्रे घेऊन निघालेली सुईताई थबकली. मामांची केमो डॉक्टरांनी बंद केली होती. आता उपाय उरला नव्हता, फक्त दुखणं कमी करायचं होतं. हे मामांना कुणी सांगितलंच नाही?

"सांगितलं हो," तिचा चेहरा बघून मामाच म्हणाले. "मुलगा गोळ्या आणायला खाली गेलाय. मी बसलो तर बाही आपोआप वर गेली. आता खाली करायचं जिवावर आलंय."

ज्यात सुई घालायची नाही अशा हाताचं करायचं काय, हे तिला खरंच कळेना. ट्रे ठेवून तिने तो नुसता धरला. अंगठा निघालाच वर. ओशाळून तिने हात मागे घेतला.

"राहू दे, पोरी. घरी सगळे लांबूनच बोलतात. हात लावला तर मला दुखेल म्हणतात. तू शोध निवांत." मामांनी तिच्या बाहीकडे पाहिलं. "बायकोला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मीही आधी तिच्या बाहीची शिवण पाहिली होती. जन्मभर ऐकवलं तिने."

"मग?"

"मग काय. स्वभावाला औषध नाही."

सुईताई हसली आणि हसता हसता रडायला लागली, तेही पेशंटसमोर, आणि नळ तर पार वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

"काय ठरलं?" दुपारी मेट्रनबाईंनी विचारलं.

"काही कळत नाही, मॅडम. मामा परवा दाखवायला येणार आहेत, तोवर थांबाल का?"

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी नवरा सोफ्यावर जरा अंतर ठेवूनच बसला होता. तिने त्याचा हात ओढून घेतला. अंगठा वर निघाला, आणि या वेळी तिने त्याला जाऊ दिलं. ही माया की सवय, तिला काही सांगता येईना. नवऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग शर्टाची बाही दुमडून वर केली.