साडूभाऊंचा ब्राउझर

बिघडलेली वस्तू दुरुस्त झाली म्हणून हळहळणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो माझा थोरला साडू. जाम गावच्या चौफुलीवर त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. घरचा पंखा मिस्त्रीनं पाच मिनिटांत फिरवून दिला, तर हे त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले, "फिरून राह्यला थे दिसलं रे, पण थांबला काऊन होता?" घरी इंटरनेट आलं आणि त्यांच्या कुतूहलाला कुरणच मिळालं. ब्राउझरला जोडता येणारं जे जे एक्स्टेन्शन फुकट दिसेल ते त्यांनी जोडलं. हवामान सांगणारं, शब्दांचे अर्थ सांगणारं, पान उलटं दाखवणारंसुद्धा! पट्ट्यांवर पट्ट्या चढून खरं पान खाली चार बोटं उरलं. "उलटं कशाला?" मी विचारलं. "पाहाले," ते म्हणाले.

पुण्याला दिलेल्या त्यांच्या मुलीला मुलगी झाली, तिनं फोटो मेलवर धाडला, आणि नेमका ब्राउझर रुसला. उघडला की लगेच मिटायचा. मी समुद्रपूरहून एसटीनं पोचलो. म्हटलं, "प्रोफाइल खराब झालं असेल. तुम्ही जपलेल्या पानांच्या खुणा, पासवर्ड ज्यात साठतात ते. नवीन करून देतो."

"अन् माहा पासवर्ड? मले तर याद नाई."

"मग फोटो माझ्या मेलवर मागवू."

"माह्या नातीचं तोंड पाहाले मी तुमच्या घरी येऊ?"

शेवटी सगळी एक्स्टेन्शन्स बंद ठेवून ब्राउझर उघडला, आणि तो उघडाच राहिला! प्रोफाइल धड होतं. पासवर्डही जागेवर होता. मेल उघडून नातीचा फोटो पडद्यावर आणला. माझी मेव्हणी पदराला हात पुसत धावत आली. "नाक आपल्याकडचं आहे," ती म्हणाली. साडूभाऊंनी पडद्यावरच्या गालाला बोट लावलं. मग एकदम सावरून म्हणाले, "आता एकेक चालू करा. बिघाड कोणात आहे थे पाह्यचं आहे मले."

एकेक चालू करत गेलो. उलटं पानसुद्धा निर्दोष सुटलं. सापडलं ते खिडकीच्या कडेला फुलांची वेल काढणारं एक इवलंसं एक्स्टेन्शन. ब्राउझर आपोआप अपडेट होऊन नवा झाला होता, हे जुनंच राहिलं होतं, म्हणून दोघांचं जुळत नव्हतं. "काढून टाकतो," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात धरला. "नका काढू. पोरीनं टाकलतं थे, लगनाच्या आधी. बंद राहू द्या, पण राहू द्या."

यादीतलं ते नाव त्यांनी पडद्याजवळ वाकून वाचलं. मग चष्मा काढून स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं ओरडले, "अवो, चहा मांडा!" मेव्हणी त्यांच्या शेजारीच उभी होती.