हळदकुंकू नसलेला बांबू

देवासचा तो पाडवा अजून माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी, म्हणजे इकडच्या बोलीत टीआय होतो. मूळचा धारचा, मराठी घरातला. घरची गुढी उभारून वर्दी चढवत होतो, तेवढ्यात फोन आला.

एका जुन्या संस्थानी घराण्यातल्या वृद्ध गृहस्थांचा एकुलता मुलगा गॅलरीत गुढी उभारताना विजेचा धक्का बसून गेला होता. घराला लागूनच दोन खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळे डीपी म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा तिथली एक तार खाली लोंबत होती. तार तुटून मुलावर पडली, असे वडील सांगत होते. सून त्या वेळी खाली स्वयंपाकघरात होती. मामंजींनी सांगितले तेच तिने फिर्यादीत दिले.

आदल्या दिवशी त्याच डीपीवर एक लाइनमन फ्यूज बदलताना गल्लीने पाहिला होता. झाले! लोकांना गुन्हेगार सापडला. ठाण्यापुढे जमाव उभा राहिला. आम्ही लाइनमनला आत बसवले ते निम्मे चौकशीसाठी आणि निम्मे त्याला मार बसू नये म्हणून.

"साब, फ्यूज डाला और उतर गया. तार को छुआ भी नहीं, बच्चों की सौगन," तो पुन्हापुन्हा सांगत होता. त्याची बायको बाहेर पायरीवर बसून होती. ठेकेदाराकडची नोकरी. गुन्हा शाबीत झाला असता तर नोकरी गेलीच असती, वर तुरुंग. वीज खात्याची माणसे सांगत होती, की अपघातानंतर, पोलीस पोचण्याआधी, जळालेली तार त्यांनीच कापून खाली सोडली. पण आपल्या माणसाला पाठीशी घालताहेत म्हणून त्यांचे कोणी ऐकेना.

दुसऱ्या दिवशी समोरचा शिंपी ठाण्यात आला. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "साब, मेरा नाम मत लेना. भिया गिरे तब तार ऊपर ही थी." मुलगा पडला तेव्हा तार वरच होती, हे गल्लीत आणखी चारजणांनी पाहिले असणार. पण मयताच्या घराविरुद्ध तोंड कोण उघडणार?

मी जप्त केलेला माल पुन्हा मागवला. तांब्याला भोक पडले होते, जरीचे वस्त्र करपले होते, आणि त्यांच्याबरोबर एक बांबू. हवालदाराने पंचनाम्यात 'एक बांबू' लिहून काम संपवले होते. त्याचा दोष नाही. तो माळवी घरातला, गुढी त्याच्या घरची नव्हे. मी बांबू हातात घेतला आणि थबकलो. पेरांत धूळ होती. करपल्याची खूण नव्हती, हळदकुंकवाचा ठिपका नव्हता. गुढीची काठी आम्ही धुऊन पुसून घेतो, तिला हळदकुंकू लावतो. घरात कितीही गडबड असो, हे चुकत नाही. ही काठी गुढीची नव्हती.

सुतकातल्या घरी जायला पाय उचलत नव्हता, पण लाइनमन कोठडीत होता. मी एकटाच गेलो. वृद्ध गृहस्थ बाहेरच्या खोलीत घोंगडीवर बसले होते.

"काका, काठीला हळदकुंकू कोणी लावलं?"

"मीच."

"मग बांबूवर ते दिसत का नाही?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा पाहून घेतले. मग म्हणाले, "कूलरच्या मागे बघा."

तिथे ॲल्युमिनियमचा लांब पाइप होता. खालच्या टोकाला हळदकुंकवाची बोटे, वरचे टोक काळेठिक्कर. 

"पाइप मी आणला. गॅलरीही मीच वाढवली. मुलगा-सून आली की मोकळं बसता यावं म्हणून. इंजिनिअर नको म्हणाला होता. मी म्हटलं, इतकी वर्षं तार तिथेच आहे, काय केलंय तिनं? काय लिहायचं ते माझ्यावर लिहा. फक्त सूनबाईला सांगू नका."

मला त्यांचा राग आला. दुःख खरे होते, पण त्या दुःखात ते दुसऱ्याचे घर बुडवायला निघाले होते. आणि फिर्याद सुनेची होती. तिला न सांगून चालणार नव्हते.

मी तिला बोलावून पाइप दाखवला. तो मामंजींनी आणला, असे मी म्हणालो.

"मामंजींनी?" ती गोंधळली. "हा तर मी आणला. बांबूला कीड लागली होती ना. म्हटलं, हलका आहे, चमकतो पण. ह्यांनाही पसंद आला होता..." ती मध्येच थांबली. "म्हणजे तार तुटली नव्हती?"

म्हातारा माझ्याकडे पाहून नको म्हणून मान हलवत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाइप लपवला होता तो तिच्यासाठी.

त्याच आठवड्यात विद्युत निरीक्षकांनी टेप लावून मोजले. अकरा हजार व्होल्टच्या उघड्या तारेपासून घराचा कोणताही भाग आडवा किमान एक मीटर वीस सेंटिमीटर लांब हवा. नव्या गॅलरीचा कठडा जेमतेम हातभर लांब होता. लाइनमनला मी आधीच सोडले होते. त्याच्या बायकोने पाय धरले, तरी मला आनंद वाटला नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा वृद्ध गृहस्थांवर दाखल झाला.

सुनेचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. मोजमाप तिला समजावून सांगितले. म्हटले, "बेटा, चूक गॅलरीची आहे. गॅलरी जुन्या जागी असती तर पाइप तारेपर्यंत पोचलाच नसता. पाइप आणणं हा कुठल्याच कलमात गुन्हा नाही."

तिने सगळे नीट ऐकून घेतले. सही केली. पेन परत देताना म्हणाली, "पण काका, कोरडा बांबू असता तर?"

आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत सोडले नाही. निरपराध सुटला, तपास चोख झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तोच तपास पुन्हा आला तरी मी तसाच करीन, त्याला इलाज नाही. पण खरे शोधून काढले की ते कोणाच्या पदरात पडेल, हे आपल्या हातात नसते, एवढे मला त्या घरात कळले. वाईट याचेच वाटते की तिला खोटा का होईना, धीर द्यायला हवा होता, आणि त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्या गप्प बसण्यातून तिला तिचे उत्तर मिळाले.