नव्या गोठ्याचा जावई

अन्सेल्म पेय्रुते सकाळपासून काळा कोट घालून खुर्चीत बसला होता. बूट पुसून झाले होते. दाढी करताना हनुवटीला कापलं होतं, तेही सुकलं होतं. दोन दिवसांपूर्वी त्याचा जिवलग हिलेर लाबार्त गेला, आणि हिलेरच्या शवपेटीपुढे क्रूस धरून चालायचं काम आपलं, अशी अन्सेल्मची समजूत होती. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून त्याने फ्लॅटचं दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

आमच्या ओसो खोऱ्यात माणसाला घराचं नाव लागतं. बापाचं आडनाव सरकारी कागदांपुरतं. आणि प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. घरात कुणी मेलं की दारोदार निरोप सांगायचा, माणसं जमवायची आणि पेटीपुढे क्रूस धरायचा, हे सगळं त्याच्याकडे. लाबार्त घराचा पहिला शेजारी बोर्दनाव. दोन्ही घरांच्या मध्ये एक ओढा आणि एक अक्रोडाचं झाड, बस्स.

बोर्दनाव म्हणजे आमच्या बोलीत नवा गोठा. म्हातारी माणसं सांगतात की चारएकशे वर्षांपूर्वी एका धाकट्या मुलाला घरातून काही मिळालं नाही, कारण तेव्हा सगळं थोरल्याला जायचं. पठ्ठ्याने ओढ्यापलीकडे गोठा बांधला, गुरांसोबत राहिला आणि बायकोही तिथेच आणली. लोक त्यालाच नवा गोठा म्हणायला लागले. पुढे पोरांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीही तेच बोलला आणि ते घराचं नाव होऊन बसलं. नंतरच्या पिढ्यांत मुलगे लढायांत मेले, अमेरिकेत मेंढ्या राखायला गेले. मुली घरात राहिल्या. कुठकुठले जावई आले, आणि नव्या गोठ्याने सगळ्यांची नावं गिळून ढेकरही दिली नाही. घरातलं रक्त कितीदा बदललं कोण जाणे. गोठा अजून नवाच.

अन्सेल्म हा त्यातला शेवटचा जावई. वरच्या वाडीतल्या एका मेंढपाळाचा धाकटा मुलगा. बोर्दनावची एकुलती एक फेलिसी त्याच्यावर भाळली आणि तो लग्न करून तिच्या घरी राहायला आला. लग्नाच्या जेवणातच हिलेर पेला उंचावून म्हणाला होता, "काय बोर्दनाव, चीज कसं झालंय यंदाचं?"

"मी पेय्रुते आहे," अन्सेल्म म्हणाला.

"असशील वरच्या वाडीत. ओढा ओलांडलास की संपलं."

सगळे हसले. दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी "घरजावई" म्हणालं आणि ते अन्सेल्मच्या जिव्हारी लागलं. तिथून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. बाजारात कुणी "ओ बोर्दनाव" म्हटलं तर तो वळून बघायचा नाही. फाटकावरच्या टपालपेटीवर त्याने पितळेची पाटी ठोकली, पेय्रुते. फेलिसी ती पाटी बघून एवढंच म्हणाली, "टपालवाल्याला काय त्याचं, तो घर बघून पत्रं टाकतो." तिला वाईट वाटलं होतं हे त्याला कळलं होतं. कळूनही त्याने पाटी काढली नाही, उलट दर इस्टरला घासूनपुसून लखलखीत करायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण हट्टाला पेटला की गाढवसुद्धा बरं.

फेलिसी शेवटच्या आजारात इस्पितळात होती, तेव्हा तिथली नर्स आमच्याच खोऱ्यातली पोर निघाली. तिने दारातून विचारलं, "बोर्दनावकाका, जरा बाहेर थांबता का?"

"पेय्रुते," अन्सेल्म सवयीने म्हणाला.

फेलिसीने डोळे मिटले. नर्स गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आज तरी हो म्हणायचंस रे."

तो हसून म्हणाला, "आता म्हातारपणी काय सवयी बदलणार?" त्याच आठवड्यात ती गेली. तिच्या पेटीपुढे हिलेर क्रूस धरून चालला, आणि परतताना त्याने अन्सेल्मचा खांदा दाबला. "माझ्या वेळी तू. वाकडा धरलास तर उठून बसेन बघ." अन्सेल्मने शब्द दिला.

पुढे त्याची कंबर गेली, जिने चढवेनात. तुलूझला असलेल्या लेकीने, सोलांजने, मागे लागून घर विकायला लावलं. नांतहून आलेला ब्रुनो नावाचा दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको तिथे राहायला आली. अन्सेल्म खाली गावात एका फ्लॅटमध्ये आला. येताना त्याने ती पितळी पाटी तेवढी काढून आणली. आणि गाव काय, महिन्याभरात ब्रुनोला बोर्दनाव म्हणायला लागलं. अन्सेल्मला पाववालीसुद्धा म्हणाली, "या पेय्रुते, नेहमीचाच पाव ना?" जन्मभर मागितलेलं मिळालं, आणि तो पाव तिथेच विसरून घरी आला.

हिलेरच्या अंत्यविधीची चर्चची घंटा वाजली तरी बोलवायला कुणी आलं नाही, तेव्हा अन्सेल्म काठी घेऊन स्वतःच लाबार्तकडे निघाला. अंगणात पेटी तयार होती, आणि पेटीपुढे ब्रुनो उभा होता, दोन्ही हातांत क्रूस घेऊन, छत्री धरावी तसा.

अन्सेल्मला बघून तो लगबगीने पुढे आला. "बरं झालं आलात. मला तर धरताही येत नाही. खरंच, तुम्हीच घ्या."

अन्सेल्मने हात पुढे केला. तेवढ्यात हिलेरची बायको ओदेत मध्ये आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"नाही अन्सेल्म. परवा ओढा ओलांडून मी त्याच्याकडेच गेले. रीत आहे ती."

"मी हिलेरला शब्द दिला होता, ओदेत."

"शब्द बोर्दनावने दिला होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आणि तू बोर्दनाव नाहीस, हे तूच आम्हाला जन्मभर सांगत आलास."

अन्सेल्मने पुढे केलेला हात मागे घेतला. तो लोकांच्या मागून चालत राहिला. पुढे क्रूस डावीकडे झुकत होता, आणि अन्सेल्मचा उजवा हात तो सरळ करायला पुन्हा पुन्हा आपोआप उचलला जात होता. वाटेत फेलिसीची कबर लागली. त्या दगडावर कुणाचंच एकट्याचं नाव नाही, फक्त घराचं आहे. त्याच्याच्याने मान वर करवली नाही.

चर्चच्या दारात हिलेरचा भाचा, पॅरिसहून आलेला, लोकांना बाकं दाखवत होता. आमच्याकडे बसायचं तेही घराप्रमाणे.

"आजोबा, तुम्ही कुठल्या घरचे?"

अन्सेल्मच्या जिभेवर नेहमीचं आडनाव आलं होतं. ते त्याने गिळलं.

"बोर्दनाव," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. किती सहज निघालं तोंडातून, याचंच त्याला रडू आलं.

भाच्याने पुढच्या बाकाकडे पाहिलं. तिथे ब्रुनो क्रूस टेकवून बायकोशेजारी बसत होता. मग त्याने म्हाताऱ्याचा दंड मायेने धरला.

"बोर्दनाव पुढे बसलेत, आजोबा. तुम्ही या, इथे मागे बसा. इथे वारा लागत नाही."