कप्पी आणि दोर

आमच्या सामायिक विहिरीवर चुलतभावाने पाय ठेवू नये, असा मनाई हुकूम मला हवा होता. म्हणून डिचोलीच्या एका वकीलबाईंना मी मयेला, आमच्या गावी, जागा दाखवायला आणलं. पूर्वी जुन्या विहिरी उपसून देणारी संस्था त्या चालवायच्या. मी दिलेला जागेचा नकाशा त्यांनी उघडलाच नाही. चपला काढून काठावर बसल्या आणि डोळे मिटले. गावच्या तळ्यावरचं धुकं माडांत शिरत होतं.

मग त्यांनी कळशीभर पाणी ओढलं, ओंजळीने प्यायल्या.

"दोर कोणाचो?"

"भावाचो."

"आनी कप्पी?"

"आमची."

"मग कोर्टाकडे काय मागू, ते तुम्हीच सांगा."

दावा राहिला तो राहिलाच. हल्ली पहाटे भावाकडचं कोणी पाणी ओढतं, कप्पी करकरते, आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, बाई अजून काठावर डोळे मिटून बसल्यात.