ब्रूनो कुणाशी खेळतो

उषाताई शितोळे बासष्ट वर्षांच्या झाल्या, पण कुत्र्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली, करारी बाई. तरी हरिशंकरपुरमच्या गल्लीत कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या. घरच्यांना एवढंच ठाऊक होतं, की त्यांची धाकटी बहीण विमल लहानपणी हजीरा मोहल्ल्यात पिसाळलेलं कुत्रं चावून गेली. दहा वर्षांची होती.

त्यामुळे डिसेंबरात त्यांच्या मुलानं, समरजीतनं, मुरारच्या लष्करी छावणीतून गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा आणला तेव्हा त्या दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. एका फौजी कुटुंबाची बदली झाली होती, त्यांचा हा ब्रूनो. दीड वर्षाचा, अंगात वारं शिरल्यासारखा. समरजीत आणि सून गरिमा दिवसभर नोकरीवर. आठवड्याभरात ब्रूनोनं तीन चपला आणि सोफ्याची एक कड फाडून ठेवली.

समोरचे दौलतसिंह फौजेच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "ताईजी, ये दौड़ने वाली नस्ल है. इसे काम दीजिए, नहीं तो खुद ढूँढ लेगा."

काम म्हणजे चेंडू आणून देणं. पहिले काही दिवस उषाताई दाराआडून चेंडू फेकत. मग एका सकाळी ब्रूनोनं तो थेट त्यांच्या तळहातावर ठेवला. ओलं, ऊबदार तोंड. दात कुठे लागलाच नाही. त्या कितीतरी वेळ स्वतःचा हात बघत राहिल्या. त्यानंतर रोज सकाळी नऊला दोघं गच्चीवर जाऊ लागली. चपला फाडणं थांबलं.

जानेवारीत धुकं उतरलं. गच्चीच्या पलीकडच्या टोकाची पाण्याची टाकीही दिसेना. उषाताईंनी चेंडू फेकला, ब्रूनो धुक्यात शिरला आणि रिकाम्या तोंडानं परत आला. त्यांच्याकडे पाठ करून बसला, शेपूट फरशीवर आपटत. थोड्या वेळानं चेंडू धुक्यातून घरंगळत आला आणि त्यांच्या पायाशी थांबला.

समरजीत हसून म्हणाला, गच्चीला उतार आहे. उतार होता, पण टाकीच्या दिशेला. पावसाचं पाणी तिकडच्याच पाइपातून जायचं.  उषाताईंनी मुलाला पाठवून टाकीमागे बघून घेतलं. तिथे कुणी नव्हतं.

पुढचे चार दिवस तेच झालं. पाचव्या दिवशी धुकं जरा विरळ होतं, तेव्हा त्यांनी नीट पाहिलं. ब्रूनो टाकीपाशी चेंडू ठेवायचा आणि कुणीतरी उभं असल्यासारखी मान वर करायचा. घरातल्या मोठ्या माणसांशी खेळताना त्याची मान पार मागे जायची. इथे तेवढी जात नव्हती. दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघायला जेवढी वर करावी लागेल, तेवढीच.

त्या दिवशी उषाताई जेवल्या नाहीत. संध्याकाळी गरिमा जवळ येऊन बसली. "आई, क्या हुआ? बरं नाही का वाटत?"

"विमलला कुत्रं चावलं ते मला त्याच दिवशी माहीत होतं," उषाताई म्हणाल्या. "पिल्लांना पोळी घालायला मीच तिला नेलं होतं. घरी सांगू नकोस, मार बसेल, असंही मीच म्हटलं. दीड महिना ती कुणाला बोलली नाही. पाणी बघून किंचाळायला लागली, तेव्हा कळलं सगळ्यांना."

गरिमानं त्यांचा हात धरला. रात्री हे आणि गच्चीवरचं सगळं समरजीतच्या कानावर गेलं, तेव्हा तो म्हणाला, कुत्रा परत देऊन टाकू, गच्चीला कुलूप घालू. उषाताईंनी दोन्हीला नाही म्हटलं.

सकाळी त्या पुन्हा वर गेल्या. धुकं इतकं दाट की स्वतःची पावलं धूसर दिसावीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी चेंडू फेकला. ब्रूनो गेला, रिकामा परतला, त्यांच्या पुढ्यातच टाकीकडे तोंड करून बसला. त्या धुक्याकडे बघत म्हणाल्या, "विमे, चूक माझी होती गं. आईनं तुला मारलं नसतं."

या वेळी चेंडू आला नाही. ब्रूनोची शेपूट थांबली. मग त्याची मान हळूहळू वळू लागली, टाकीपासून कठड्याकडे, कठड्यापासून जिन्याकडे, कुणी सावकाश चालत यावं तशी. शेवटी त्याची नजर उषाताईंच्या शेजारी, अगदी खांद्याजवळ येऊन ठरली.

उषाताईंनी वळून पाहिलं नाही. पदर आवरला आणि पायरीवर थोडं सरकून जागा करून दिली.